पगाराच्या दिवशी किटली माझ्या हातात

आधी खैरुनखालाचं नाव घेते. जिंतुरात माझ्या खोलीशेजारी राहते, ब्लाउज शिवते. तिनं जेवू घातलं म्हणून मी टिकले.

मी लांबची, किनवटकडची. सातवीत शाळा सुटली. इथं कापडाच्या दुकानात साड्या दाखवायला लागले. महिना भरला. पगाराच्या दिवशी नीट वेणी घालून गेले. सगळ्या बायांच्या मागं रांगेत उभी राहिले.

गल्ल्यावर बसलेला शेट हसला.

"तू कुठं गं रांगेत? नव्या बाईनं चहा वाटायचा असतो. धर किटली."

गिऱ्हाइकं पण हसली.

"आन् माझा पगार, शेट?"

"पहिला पगार दुकानात राहतो. न्हाई तर तुमी लोक पळून जाता. भूक लागली का? मग आज दोन कप चहा पी."

मी चहा वाटला. ज्या हातांत नोटा, त्याच हातांत कप दिले. कुणी वर बघितलं नाही. बाया वाईट नव्हत्या. प्रत्येकीनं कधी तरी ती किटली धरलेली. प्रत्येकीचा पहिला पगार शेटकडंच अडकलेला. म्हणून तर तोंड बंद.

खोलीवर आले. डब्यात पीठ नाही. खालानं हाक मारली, भाकरी आन् वांगं पुढं सरकवलं. मी रडत खाल्लं. तिला म्हणाले, काढून टाकतील म्हणून गप बसले.

सुईत दोरा ओवत ती बोलली, "काम करी ना तू? फिर मांगने कू शरम कायकू? शरम उसकू आना."

पुढचा महिना तिच्याच भाकरीवर काढला. लय भीत भीत. परत पगाराचा दिवस आला. रांगेत एक नवी बाई, येलदरीची.

शेट मला म्हणाला, "दे तिला किटली. शिकव."

तिनं हात पुढं केला. माझाच हात वाटला मला. मी किटली शेटच्या पुढ्यात आदळली.

"तुमीच वाटा. आन् माझे दोन महिन्याचे द्या. मी कुठं पळायलेय? हितंच उभी हाय."

"लय शानी झालीस! उद्यापासून येऊ नको."

एका महिन्याचे पैसे त्यानं फेकले. मी उचलले. माझेच होते.

पहिला पगार अजून त्याच्याकडंच आहे. आता मी दुसरीकडं कामाला जाते. पण दर पगाराच्या दिवशी त्या दुकानात जाते. भर गिऱ्हाइकात मागते. तो हाकलतो. येलदरीची बाई मान खाली घालून चहा वाटत असते. मी तिच्या देखत मागते. मागतच राहणार.

खाला, तुझं खाल्लेलं मी फेडीन. त्याच पगारातून. त्याच्या गल्ल्यातून काढून.