आक्काला ऊन पायजे!

उन्हाळ्यात आमच्या घरात दोन गोष्टी साचतात. एक पाहुणे आणि दुसरी माझी फजिती. विहिरीत पाणी तेवढं साचत नाही! पाहुणे चार-आठ दिवसांनी जातात, पण फजिती राहते, कारण आमची शोभा ती जपून ठेवते. नवीन माणूस घरात आलं, की चहाबरोबर एक फजिती बाहेर काढते. म्हटलं, बायकोने तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा आपणच सांगून मोकळं व्हावं.

तर गेल्या मे महिन्यातल्या ह्या गोष्टी. आमचं घर कडावजवळ. मी खालापूरकडे एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. माझी थोरली बहीण आक्का ठाण्याला असते, सोळाव्या मजल्यावर. घरात प्रत्येक खोलीला एसी! आई जाऊन तीन वर्षं झाली, आणि तेव्हापासून आक्का माहेरी एकदाही राहिली नव्हती. सकाळी यायची, दुपारी जेवायची आणि चार वाजले की पर्स काखेत मारायची. "राहा ना गं," म्हटलं की एकच उत्तर, "उकडतं रे फार तुमच्याकडे."

आता ही बाई ह्याच घरात जन्मली, वाढली, लग्न होईपर्यंत इथेच राहिली. तिला कधी उकडल्याचं मला तरी आठवत नाही. पण मी सरळ माणूस. उकडतं म्हणाली म्हणजे उकडतच असणार! मनाला मात्र फार लागायचं. आई गेली की बहिणीचं माहेर गेलं, असं लोक बोलतात. आपल्या घरात ते होऊ द्यायचं नाही, ह्या वर्षी आक्काला आठ दिवस ठेवून घ्यायचीच, असं मी ठरवलं आणि फॅमिली ग्रुपवर मेसेज टाकला : "माथेरानच्या पायथ्याला आहोत. संध्याकाळी गार वारा सुटतो. आठ दिवस या!"

शेजारच्या बाळूतात्यांना तो मेसेज मी कौतुकाने दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला.

"विल्या, ह्यो वारा कुठनं येतो रं? माझं घर मधीच हाय, मला कसा नाय लागत?"

*

आक्का येणार म्हणून मी मधल्या खोलीत एसी बसवला. आक्का, दाजी आणि त्यांची सहा वर्षांची नात तनू, तिघं दुपारी बाराला घामाने निथळत आले. आक्काने पाय धुतले आणि सरळ स्वयंपाकघरात शिरली. शोभाबरोबर काहीतरी कुजबुज झाली, तांदळाच्या डब्याचं झाकण वाजलं. मी धावत गेलो आणि तिला हाताला धरून बाहेर आणली.

"आक्का, तू पाहुणी आहेस. तू फक्त एसीत बसायचं!"

तिला, दाजींना आणि तनूला खोलीत बसवलं, दार लावलं, फटीला टॉवेल कोंबला आणि रिमोट दाबला. त्याबरोबर फ्रीज बंद पडला, पंखे पेंगायला लागले आणि मिक्सरने मान टाकली. वायरमनला फोन केला तर तो म्हणाला, "दादा, एसीला काय झालेलं नाय. व्होल्टेजच नाय तर तो काय करणार?" पण एसीचा दिवा लागला होता, वर आकडा दिसत होता, आणि आतून काहीतरी फुरफुरत होतं. मला तेवढं पुरेसं होतं.

अर्ध्या तासाने दार उघडून बघितलं. आक्का पदराने वारा घेत होती. दाजींचा बनियन अंगाला चिकटला होता. पण दाजी म्हणजे फार सभ्य माणूस. त्यांनी एसीकडे बघून मान डोलावली.

"विलासराव, आकडा अगदी थंड आहे हो!"

*

दुसऱ्या दिवशी कशेळ्याच्या मित्राकडून टेंपोत घालून कूलर आणला. केवढा मोठा, दारातून आडवा करून घ्यावा लागला! त्यात बर्फाची लादी टाकली, वाळा टाकला, आणि गारवा बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या गच्च बंद केल्या. कूलरला खिडकी उघडी लागते हे मला माहीत नव्हतं. कारखान्यातल्या सगळ्या मशिनींचे स्पेअर पार्ट मला तोंडपाठ आहेत, पण कूलरचं कोणी सांगितलंच नव्हतं!

तासाभरात भिंतींना पाणी सुटलं. मिठाचा पार रबडा झाला. काडेपेटी पेटेना. दाजींचं वर्तमानपत्र असं मऊ पडलं की पान उलटायच्या ऐवजी फाटायला लागलं. तनूने भिंतीवरून बोट फिरवलं आणि आनंदाने ओरडली, "मामाआजोबा, खोलीला पण घाम आला!"

आक्का उठली. म्हणाली, "मी जरा शोभाबरोबर कैऱ्या चिरते." विळीवर बसली सुद्धा. मी ती विळीच उचलून फळीवर ठेवली.

"काही नको. उन्हाचं तुला सोसणार नाही. तू बस."

आक्का बसली. जरा वेळाने तिने दाजींना विचारलं, "परत कधी निघायचं म्हणता?" दुसराच दिवस होता हो! मी मनात म्हटलं, विलास, गारवा कमी पडतोय, अजून जोर लावायला पाहिजे.

*

तिसऱ्या दिवशी नदी. आमच्या पेज नदीचा मला फार अभिमान. सगळ्या नद्या मे महिन्यात आटतात, आमची वाहते. वरच्या वीजघरातून पाणी सुटतं म्हणून वाहते, पण पाहुण्यांना एवढं खोलात कशाला सांगायचं? आख्ख्या रस्ताभर माझं चालू, "बर्फासारखं पाणी! पाय घातला की डोक्यात कळ जाते!" तनूने घरूनच पोहायचा गॉगल लावलेला. दाजींच्या खांद्यावर टॉवेल.

जाऊन बघतो तर नुसते धोंडे! एका डबक्यात चार म्हशी बसल्या होत्या आणि आमच्याकडे बघून त्यांनी जरासुद्धा जागा दिली नाही. नेमके बाळूतात्या बैल धुवायला डबकं शोधत तिथे आलेले.

"आरं, विचारून नाय का निघायचं? आज पाणी नाय सोडलं!"

पन्नास वर्षं ह्या नदीकाठी काढली. लहान पोरसुद्धा विचारल्याशिवाय घरून निघत नाही. आणि मी ठाण्याची माणसं घेऊन आलो! मला धोंड्याखाली जावंसं वाटलं. दाजींनी बाटलीतल्या पाण्याने तनूचे पाय ओले केले, उरलेलं स्वतःच्या टकलावर ओतलं आणि माझी समजूत काढली.

"नदी सुरेख आहे विलासराव. फक्त पाणी आपण बरोबर आणायला हवं होतं."

*

माथेरानबद्दल फारसं विचारू नका. भाड्याची गाडी करून नेरळवरून घाट चढून वर गेलो, आणि मुंबईतल्या सगळ्या गाड्या आमच्या आधीच तिथे पोचलेल्या. पार्किंगच्या रांगेत दोन तास उन्हात गाडी तापवली, तनूला उलटी झाली, तसेच मागे फिरलो. घोड्यावर बसायचं राहिलं म्हणून पोरगी घाटभर रडत होती. तिला एक घोडा लांबून दाखवला, तर तो शेपटी वळवून निघून गेला.

येताना आक्का खिडकीतून डोंगराकडे बघत होती. म्हणाली, "आई आपल्याला करवंदांना घेऊन यायची इकडे, भर दुपारी. आठवतं का रे?"

मी म्हटलं, "आठवतं ना! पण तेव्हा एवढं ऊन नव्हतं. तू काच वर कर आधी."

तिने काच वर केली.

*

आता माझा मास्टरस्ट्रोक ऐका. घर तापतं कशाने? स्लॅबने. आईच्या वेळी कौलं होती, स्लॅब घालायची अक्कल माझी. मग त्यावर उपायही मीच करायला पाहिजे! पाचव्या दिवशी सकाळीच कर्जतला जाऊन रोपवाटिकेला बांधतात ती हिरवी जाळी आणली. दुहेरी! बांबू उभे केले आणि आख्ख्या गच्चीवर जाळी ताणून बांधली. नायलॉनच्या दोरीने, प्रत्येक ठिकाणी तीन-तीन गाठी. वारा आला तरी हलता कामा नये. वाऱ्याची मला अजून आशा होती!

शोभा खालून ओरडत होती, "आवो, गच्ची नका झाकू! माझं ऐका तरी!" मी म्हटलं, हिला सायन्स कळत नाही.

अकराच्या सुमारास काम संपलं. खाली हिरवीगार सावली पडली. मी कमरेवर हात ठेवून स्वतःवरच खूश होऊन उभा होतो, एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. आक्का वर आली. तिच्या दोन्ही हातांत मोठं ताट, आणि ताटात पांढऱ्याशुभ्र, ओल्या, वाफाळलेल्या सालपापड्या! मागे शोभा आईची जुनी सुती साडी घेऊन, पापड्या पसरायला.

मग मला कळलं. पहिल्या दिवशी तांदळाचा डबा वाजला होता तो ह्यासाठी. सालपापडीचे तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे असतात. मग वाटायचे, पीठ आंबवायचं, ताटलीवर पातळ पसरून वाफवायचं, आणि साल सोलतात तशी पापडी सोडवून कडकडीत उन्हात टाकायची. आई दर मे महिन्यात करायची, आक्का तिच्या हाताखाली. तीन वर्षं घरात सालपापडी झाली नव्हती. म्हणजे आक्का आली तीच राहायच्या तयारीने आली होती! आणि मी तिला एसीत कोंडत होतो.

आक्काने वर जाळीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"विल्या, सगळ्या कर्जत तालुक्यात ऊन आहे, आणि माझ्या माहेरातच नाही होय रे?"

तिने ताट कठड्यावर ठेवलं, डोळ्याला पदर लावला आणि खाली जाऊन दाजींना म्हणाली, "उद्या सकाळी निघू आपण. मी इथे पाहुणीच आहे."

*

भर बाराच्या उन्हात मी जाळी सोडायला लागलो. तीन-तीन गाठी कोणी मारल्या होत्या? मीच! विळा आणायला खाली जायचं, तर आक्कासमोरून जावं लागणार, तेवढी हिंमत नव्हती. दाताने सोडल्या. घाईत चपला जिन्यात राहिल्या होत्या, त्यामुळे एक गाठ सोडायची आणि दोन उड्या मारायच्या, असा कार्यक्रम चालला होता. बाळूतात्या त्यांच्या ओट्यावरून बघत बसलेले.

"काय रं विल्या, सकाळी बांधत व्हतास, आता सोडतोस. आनी नाचतोस कशाला?"

"आक्काला ऊन पायजे!" मी वरून ओरडलो.

"मंग आधी बोलायचंस ना! माझं बी घेऊन जा, फुकट देतो!"

खाली कोणीतरी फिस्सकन हसलं. मी वाकून बघितलं. आक्का अंगणात उभी होती. बराच वेळ उभी असावी. माझ्याकडे बघून म्हणाली, "खाली ये आता, चक्कर येऊन पडशील. आणि येताना आईची साडी झटकून अंथर. शोभा, पीठ अजून आहे ना गं?"

त्यानंतर तीन दिवस घरात एसी नाही, कूलर नाही, खिडक्या सताड उघड्या. आक्का चुलीपुढे, शोभा ताटल्या वाफवतेय, मी साल सोडवतोय आणि दर चौथी फाडतोय. फाटकी तनू ओलीच खाऊन टाकायची. दाजींनी गच्चीवर छत्री घेऊन कावळे हाकायची ड्युटी घेतली. टोपीखाली ओला पंचा, हातात काठी. कोणी तब्येतीचं विचारलं की म्हणायचे, "बरं चाललंय. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच कोणीतरी माझं ऐकतंय, कावळे का असेनात!" दुपारी सगळे पडवीत गोणपाटावर आडवे. घामाच्या धारा लागलेल्या, पण "उकडतंय" असं त्या तीन दिवसांत आक्का एकदाही म्हणाली नाही. मीही तिला एकदासुद्धा "बस" म्हणालो नाही.

*

आठवा दिवस उजाडला. ठरल्याप्रमाणे आठ दिवस झाले होते, त्यामुळे मला तोंड उघडायला जागा नव्हती. कर्जत स्टेशनला जायला रिक्षा अंगणात येऊन उभी राहिली. बॅगा ओट्यावर आल्या. शोभाने आक्काच्या वाट्याच्या पापड्यांचा मोठा डबा आणला, आणि आक्काने बांधायच्या आधी म्हणून झाकण उघडलं. एक पापडी हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली. उजेडात धरून बघितली.

"शोभा, कच्च्या आहेत गं अजून," ती म्हणाली. "दोन उन्हं तरी पाहिजेत. अशा नेल्या तर बुरशी धरतील."

शोभा माझ्याकडे बघायला लागली. मी रिक्षावाल्याकडे. दाजी पुढे झाले आणि बघू म्हणून त्यांनी डब्यातली एक पापडी उचलली. जरासा अंगठा दाबला मात्र, कट्‌कन आवाज झाला आणि तिचे दोन तुकडे झाले. आवाज अंगणापर्यंत गेला. रिक्षावाल्यानेसुद्धा मान वळवली.

दाजींनी दोन्ही तुकडे सावकाश शर्टाच्या खिशात ठेवले.

"कच्चीच आहे," ते म्हणाले. "विलासराव, ती रिक्षा परत पाठवा."