कोणता फाइन?

त्या शुक्रवारी संध्याकाळी वरच्या घरातला फोन वाजत राहिला. थांबला, पुन्हा वाजला. एस्थर मावशी दर शुक्रवारी शब्बाथचा, म्हणजे ज्यूंच्या पवित्र दिवसाचा, दिवा लावायच्या आधी हातातलं सगळं टाकून त्या फोनपाशी बसायच्या, पहिली रिंग पुरती वाजूही द्यायच्या नाहीत. मग माझा मोबाइल वाजला. त्यांचा मुलगा डॅनियल इस्राएलहून विचारत होता, "ताई, आई फोन उचलत नाहीये. वर जाऊन बघतेस?" किल्ली माझ्याकडेच असायची. जिना चढताना मला कळलं होतं... तरी मी बेल वाजवली.

पनवेलच्या आमच्या शाळेत त्या इंग्रजी शिकवायच्या. 'हाऊ आर यू?' म्हटलं की आम्ही वर्गभर 'फाइन, टीचर' असं सुरात ओरडायचो आणि त्या शांतपणे विचारायच्या, "कोणता फाइन?" बारीक रवा तो फाइन, लायब्ररीचं पुस्तक उशिरा दिलं की दंड तोही फाइन, तब्येत बरी तीही फाइन. एका शब्दात किती बिऱ्हाडं! मूळ मात्र एकच, लॅटिनमधलं, अर्थ शेवट. काम शेवटाला नेलं की ते उत्तम होतं, दंड भरला की भांडण मिटतं, असं त्या समजावून सांगायच्या. परीक्षेत विचारणार नाहीत म्हणून आम्ही ते सोडून दिलं. लग्न होऊन मी नेमकी त्यांच्याच इमारतीत आले आणि टीचरच्या मावशी झाल्या, पण प्रश्न काही सुटला नाही. जिन्यात 'फाइन' म्हणायची चोरी होती.

गेल्या वर्षी त्यांच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. मी म्हणत होते, वय झालं, जेवण कमी झालंय. माझ्या सासूबाई उरणकडच्या, त्यांनी एकदा मावशींना बघितलं आणि म्हणाल्या, "मास्तरीन बाय पार वाललीय. हिचं काय खरं नाय." मला रागच आला त्यांचा. पण पुढच्याच आठवड्यात मी मावशींना खारघरला डॉक्टरांकडे घेऊन गेले, आणि तिथे जे कळलं त्यावर उपाय नव्हता. परतताना रिक्षात मावशींनी माझा हात धरला. डॅनियलच्या बायकोचे दिवस भरत आले होते. त्याला कळलं तर तो सगळं टाकून धावत येईल, म्हणून त्याला सांगायचं नाही, असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं.

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी मी वरच होते. फोन आला, त्याने तब्येत विचारली असणार, कारण मावशी म्हणाल्या, "फाइन, बाळा." फोन ठेवल्यावर मला राहवलं नाही. मी विचारलं, "कोणता फाइन?" त्या हसल्या. मग काडी पेटवून दिव्याला लावली.

"शेवटचा," त्या म्हणाल्या. "त्याच्याशी मी कधी खोटं बोलले नाही गं. आजही नाही."

त्यानंतर दर शुक्रवारी तो शब्द उघड्या खिडकीतून खाली आमच्या ओट्यापर्यंत यायचा. आवाज आठवड्यागणिक बारीक होत गेला. डॅनियलला मुलगी झाल्याची बातमी आली त्या दिवशी तर मावशी दोनदा फाइन म्हणाल्या.

डॅनियल पोहोचेपर्यंत दफन उरकलं होतं. तो जमिनीवर, आईच्या खुर्चीला टेकून बसला. म्हणाला, "ताई, तिने मला एकदाही सांगितलं नाही."

"सांगत होत्या रे," मी म्हटलं. "दर शुक्रवारी. तू विचारलं नाहीस, कोणता."

तो त्यांचाच मुलगा. त्याला उलगडून सांगावं लागलं नाही. त्याने तोंड खुर्चीच्या गादीत लपवलं, आणि मी बोलून बसले याचं मला फार वाईट वाटलं.

आता तो परत गेलाय. घर बंद आहे, पण फोन त्याने काढू दिलेला नाही. शुक्रवारी तो मला फोन करतो, कशी आहेस विचारतो. मी 'बरी आहे' म्हणते, दुसरा शब्द उच्चारायला जीभ रेटत नाही. पण त्याच्याही आधी, दिवेलागणीला, वरचा फोन वाजतो. डॅनियल तो पूर्ण वाजू देतो, आणि मगच मला लावतो.