आत्याचा जादा ब्रेक

आत्यानं भर सभेत चिटणीससाहेबांच्या पायाचं हाड मोडलं, अशी बातमी आहे. किराणा दुकानात ते हाड एकच होतं. इस्त्रीवाल्यापर्यंत पोचेस्तोवर दोन झाली, आणि वाचनालयाच्या पायरीवर तर साहेबांना खुर्चीत घालून न्यावं लागलं म्हणे. सांगणारे डोळे मोठे करून वर हेही जोडतात, "म्हणून तर यंदा सगळ्या मंडळांची उद्दिष्टं एवढीशी! मार खाऊन ठरवलेली!"

साफ खोटं. साहेबांची हाडं जागच्या जागी आहेत. मोडला तो त्यांच्या नव्या बुटाचा तोरा. त्यावर आत्याचा पाय पडला हे खरं, पण रागानं नाही. सवयीनं.

आत्या गाडी शिकवते. तिच्या गाडीत शिकणाऱ्याच्या पायाखाली एक ब्रेक आणि आत्याच्या पायाखाली दुसरा, जादा. ती स्वतः शिकली तेव्हा शिकवणारा इतका ओरडायचा की तिला गियर कमी आणि शिव्या जास्त पाठ झाल्या. तेव्हाच तिनं ठरवलं, आपण ओरडायचं नाही, पायानं बोलायचं. शिकणारा भिंतीवर निघाला तरी ती म्हणणार, "घाई कुणाला आहे? मला तर नाही." आणि खाली ब्रेक. इतक्या वर्षांत तो पाय तिच्या ताब्यात राहिलेला नाही. बसमध्ये तो दाबतो, दाताच्या डॉक्टरकडे दाबतो, घरी टीव्हीवर कुणी भरधाव निघालं तरी दाबतो. सोफ्यापुढच्या सतरंजीला नेमकं तिथंच भोक आहे.

अशा आत्याच्या गळ्यात यंदा अध्यक्षपद पडलं. आसपासच्या अकरा सेवामंडळांचा मिळून एक संघ आहे. अध्यक्षपद फिरतं असतं, पण फिरत आपल्याकडे आलं की लोकांना एकदम पाठदुखी होते. आत्याला ऐनवेळी काही दुखलं नाही, म्हणून ती अध्यक्ष.

अध्यक्षाचं मोठं काम म्हणजे वर्षाची उद्दिष्टं ठरवण्याची सभा. सभा कसली, लिलावच! पहिलं मंडळ माइकवर येऊन म्हणतं, "शंभर झाडं." दुसरं म्हणतं, "दोनशे." तिसऱ्याला दोनशे म्हणायची लाज वाटते. शेवटच्या खुर्चीपर्यंत आकडा गच्चीवर चढलेला असतो आणि खाली उतरायला शिडी नसते.

त्या शेवटच्या खुर्चीवर दरवर्षी घड्याळकाका बसायचे. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. त्यांचं मंडळ सगळ्यांत लहान, चार सभासद आणि एक जुनी गाडी. दर गुरुवारी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं आणि घरी आणून सोडायचं, एवढंच त्यांचं काम. पण गेल्या सभेत दहा मंडळांचे आकडे ऐकून त्यांना घाम फुटला, आणि तोंडातून निघून गेलं, "हजार लोकांची नेत्रतपासणी!" चार माणसं हजार डोळे कुठून तपासणार? आणि माणसं हजार म्हणजे डोळे दोन हजार! उद्दिष्ट हुकलं. संघाचा नियम असा की सलग दोनदा हुकलं, तर ते मंडळ मोठ्या मंडळात विलीन. विलीन म्हणजे गाडी मोठ्यांच्या कामाला आणि गुरुवार गुंडाळला.

हे आत्याला ठाऊक, कारण काका तिच्याकडेच गाडी शिकत होते. मंडळातला एकुलता एक चालवणारा सभासद आता स्वतःच त्या दवाखान्याचा पेशंट झाला होता.

"बाई," काका स्टिअरिंगला लोंबकळत म्हणायचे, "लायसन्स मिळेल हो. पण चालवायला गाडी उरेल का?"

"आधी क्लच सोडा, काका. हळू. घाई कुणाला आहे?"

अध्यक्ष असून तिला नियम बदलता येत नव्हता. आकडा ज्याचा त्यानंच सांगायचा. "खरं तेवढंच सांगा," असं काकांना खाजगीत सांगून पाहिलं, तर ते म्हणाले, "सगळ्यांच्या शेवटी उठून? एक गाडी म्हणून? हसतील की हो बाई!"

सभेच्या दुपारी आत्या गाडी काढत होती. मागच्या सीटवर तिची भाची, म्हणजेच प्रस्तुत लेखिका, अकराही मंडळांच्या अध्यक्षांच्या आवाजात सभा आधीच उरकून घेत होती.

"काका यंदाही हजाराच्या खाली उतरणार नाहीत. पैज!"

"लाव," आत्या म्हणाली. "हरलीस तर वर्षभर दर गुरुवारी काकांच्या गाडीत मागे बसायचं. आजी-आजोबांना हात द्यायचा. आणि गाडीत कुणाचीही नक्कल नाही."

"आणि तू हरलीस तर?"

"तर पाहुण्यांसमोर माझी नक्कल कर. मी टाळ्या वाजवीन."

भाचीला वाटलं, पैज खिशातच आहे.

वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये पंखा कुरकुरत होता, माइक शिट्ट्या मारत होता. आत्या टेबलामागे बसली होती. नजर सारखी शेवटच्या खुर्चीकडे जात होती. तिथं काका ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होते. आकडाच असणार.

शेजारी संघाचे चिटणीससाहेब उठले. चिटणीससाहेब दोन शब्द बोलायला उठले की ऐकणारे पाय लांब करून बसतात. "म्हणजे काय आहे, की… गतवर्षीची उद्दिष्टं, म्हणजे काय आहे, की, आपण आता दुप्पट, नव्हे, तिप्पट…"

गाडी भिंतीवर निघालेली आत्याला दिसली. पाय आपोआप गेला.

"आई गं!" चिटणीससाहेब माइकवरच केकाटले.

माइकनंही शिट्टी मारली. हॉल एकदम गार. आणि त्या शांततेत, चूक झाकायला काहीतरी बोलायलाच हवं म्हणून, भिंतीपाशी अडलेल्या शिकाऊला ती रोज जे सांगते तेच आत्याच्या तोंडून निघालं, "आधी रिव्हर्स."

आत्यालाही आपण काय बोललो ते आत्ता कळलं, आणि पटलंही. "म्हणजे… यंदा मागून सुरू करू. शेवटची खुर्ची पहिली. काका, या."

काका माइकपाशी आले. ओलांडायला पुढ्यात कुणाचाच आकडा नव्हता. आत्याचा पाय टेबलाखाली ब्रेक शोधत होता, पण साहेबांनी बूट खुर्चीखाली ओढून घेतले होते.

"आमचं…" काका म्हणाले, "दर गुरुवारी एक गाडी. तेवढंच. पण एकही गुरुवार चुकणार नाही."

कुणी हसलं नाही.

मग कापडदुकानवाल्या वहिनी उठल्या. त्यांचं मंडळ सगळ्यांत मोठं. "अध्यक्षबाई, आम्हीही खरं बोललं तर चालेल? गेल्या वर्षी हजार झाडं लावली. जगली किती ते कृपा करून विचारू नका. यंदा नवीन एकही नको. आहेत त्यांना पाणी घालतो."

आता हॉल हसला, पण मोकळं हसला. बेकरीवाले मामा बसल्या जागेवरूनच ओरडले, "आमची दहा शिबिरं रद्द! दोनच घेऊ, पण डॉक्टर येतील अशी!" माणसं खुर्चीत सैलावून बसली. अख्ख्या हॉलचा जीव भांड्यात पडला, आणि सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत मोठ्या आवाजात, चिटणीससाहेबांचा.

"म्हणजे काय आहे, की," पायाचा अंगठा चोळत ते म्हणाले, "का जमलं नाही, याचा अहवाल दरवर्षी मलाच लिहावा लागतो हो."

काका आत्याजवळून गेले तेव्हा डोळे पुसत होते. "बाई, उद्या क्लास आहे ना?"

"आहे की. रिव्हर्स राहिलाय तुमचा."

लायसन्स मिळालं. गुरुवारची गाडी आता काकाच चालवतात, बैलगाडीच्या वेगानं. आणि मागच्या सीटवर, दोन आजींच्या मध्ये, ओठ घट्ट मिटून पैज हरलेली एक मुलगी बसते.

परवा एक आजी कोपरानं ढोसत म्हणाल्या, "अगं, तू म्हणे चिटणीसांचा आवाज हुबेहूब काढतेस? आमची करमणूक कर की जरा."

पुढच्या सीटवर त्या दिवशी नेमकी आत्या होती. ती वळलीसुद्धा नाही. तिचा पाय तेवढा दाबला गेला.