एक नंबर गणपतीचा

आमसुलं करताना कोकमाच्या साली रोज रसात बुडवायच्या आणि परत उन्हात घालायच्या, म्हंजे पुट चढतं. आमच्या भजनी मंडळातल्या गोष्टींचं तसंच आहे. एक बाय सांगते, दुसरी पुट देते, तिसरी वर मीठ टाकते. वर्ष सरता सरता बरणी एवढी भरते की झाकण बसत नाय. यंदाची बरणी त्या जल्ल्या डबीने भरली.

आमचं मंडळ म्हंजे काय फार मोठं नाय. सुलभा पुढे गाते, आम्ही मागून ओढतो. निर्मला झांजा, वच्छी टाळ, आणि मी बसल्या बसल्या कुणाची तरी खोडी काढते. ढोलकीला वच्छीचा घो, आमचे गंगारामभावोजी. एवढ्या बायकांत एकटा पुरुष, पण समईच्या डाव्या बाजूची गोणपाटाची घडी त्यांची. तिथे मांजर बसलेलं पण त्यांना खपत नाय.

त्यांची एक सवय. ढोलकीवर हात पडायच्या आधी घसा खाकरणार, "अं हं." गाणार सुलभा आणि घसा साफ करणार हे.

तर गणपतीत काय झालं, गजर चढला आणि भावोजी वाईच मागे राहिले. सुलभा फटकळच. चार माणसांत बोलून गेली, "भावोजी, तुमचा हात आता थकला."

भावोजींनी ढोलकीला गवसणी घातली, दोरी आवळली. म्हणाले, "आजपासून ह्या ढोलकीला हात लावीन तर बघा. नवरात्रात देवळात भजन हाय ना तुमचं? शोधा दुसरा." आणि उठले.

वच्छीने टाळ पण खाली ठेवले नायत. म्हणाली, "चावी घेऊन जावा. मला उशीर हाय."

*

नवरात्र काय लांब नव्हतं. देवळातली दुपारची पाळी आमच्या मंडळाची, आणि ढोलकीची घडी रिकामी. सुलभाला बोलल्याचं वाईट वाटत होतं. पण वाईट वाटणं वेगळं आणि त्यांच्या खळ्यात जाऊन "चला" म्हणणं वेगळं. तिकडे भावोजी रोज संध्याकाळी बरोबर आमच्या तालमीच्या वेळेला अंगणाच्या दगडी गडग्यावर येऊन बसायचे. विचारलं तर म्हणायचे, "वारा खातोय."

डबी आणली निर्मलाच्या संदेशने. तो लोट्याला केमिकलच्या कंपनीत आहे, आणि सुट्टीचा ऑर्केस्ट्रात वाजवतो. डबी केवढी, तर साबणाच्या दोन वड्या शेजारी ठेवल्या तर तेवढी. बॅटरीवर चालते. वर बटणांच्या रांगा, प्रत्येकाला लाल दिवा. संदेश म्हणाला, "ह्याला सिंथ म्हणतात, काकी. ह्याच्यात ठेका बनवायचा. त्याला पॅटर्न म्हणतात. एकेक दिवा म्हंजे एकेक मात्रा. जिथे धिं पायजे तिथला दिवा लावायचा, नको तिथे विझवायचा."

मी म्हटलं, "म्हंजे ठिपक्यांची रांगोळी."

"तशीच. पण बनवलात की सेव्ह करायची. हे बटण दाबून धरायचं आणि नंबर दाबायचा. नायतर बंद केलात की पुसली."

"रांगोळी ती, पुसणारच," निर्मला म्हणाली, आणि तिने नवीन वस्तू म्हणून डबीला हळदकुंकू वाहिलं. चांगलं चिमूटभर. ते गेलं बटणाच्या फटीत. तेव्हापासून बंद करायचं बटण दाबलं की रुततं. चार वेळा दाबावं तेव्हा एकदा ऐकतं.

संदेशने कपाळाला हात लावला. "आई, वॉरंटी गेली."

"जाऊंदे. दृष्ट तरी लागायची नाय."

*

मग प्रत्येकीला चेव आला. एकेक दिवस डबी एकेकीच्या घरी. सुलभाने दिवसभर बसून एक ठेका रचला, झकास. सेव्ह केला. वच्छीने नेली, तिने रचला, सेव्ह केला. निर्मलाने केला. मी केला. तालमीला सुलभाने ऐटीत बटण दाबलं, तर माझा ठेका वाजायला लागला. तोही धड नाय, मधेच उचकी लागल्यासारखा.

"माझा कुठे गेला?" सुलभा.

"तू कितीवर ठेवलेलास?"

"एकवर."

"मी पण एकवर," वच्छी.

"मी पण," निर्मला. "पहिल्यांदा गणपतीचं म्हणायचं ना? मग एक नंबर गणपतीचा."

सगळ्याच देवभोळ्या. ज्या त्या बाईने आपला गणपती दुसरीच्या गणपतीवर बसवलेला, आणि सगळ्यात शेवटी माझा उचकीवाला.

संदेशला फोन लावला तर कंपनीत फोन आत नेऊ देत नायत. शिफ्ट सुटल्यावर त्याने कंपनीच्या बसमधून केला, आणि बसच्या आवाजात ऐकू येईना म्हणून स्पीकरवर टाकला. "अगो आई, पुढचा ठेका दोन नंबरवर ठेवायचा. मग तीन, मग चार."

निर्मला तापली. "गणपती दोन नंबरवर? लाज नाय वाटत बोलायला?"

अख्खी बस हसली. मागून कोणतरी ओरडला, "मावशी, एक नंबर खालीच ठेवा, देव येऊन बसेल."

तो थट्टेने बोलला, पण सुलभाला पटलं. तेव्हापासून आमच्या डबीत एक नंबर रिकामा. सुरवातीला एक दाबायचा, काय वाजत नाय, तेवढ्यात डोळे मिटून हात जोडायचे. मग दोन दाबायचा आणि सुरू. वाडीतली लोकं बघायला यायची. नुसती गप्प बसलेली बायकांची मंडळी कुणी बघितलेली नव्हती.

*

जयगडच्या बाजूला सुलभाच्या नणंदेकडे गेलेलो, तिकडून येतानाची गोष्ट. एस्टी भरलेली. डबी माझ्या पिशवीत, वर नारळ. गाडी खड्ड्यातून गेली, नारळ बटणावर बसला आणि पिशवीतून ढोल सुरू. बंद करायला गेले तर कुंकवाचं बटण रुतलेलं. ठेका काय थांबेना. पुढच्या सीटवरची पोरं माना हलवायला लागली.

कंडक्टर आला. पिशवीकडे बघून म्हणाला, "आजी, ह्याचं तिकीट कुठलं फाडू, सामानाचं की माणसाचं?"

मी काय बोलायच्या आत वच्छी म्हणाली, "सामानाचं फाडा. ढोलकीचं माणूस घरी रुसून बसलंय."

*

डबीत एकच खोट. ऐकत नाय.

आमचा गजर सुरू होतो हळू, मग चढत जातो. भावोजी असले की सुलभाच्या तोंडाकडे बघून ओळखायचे, आता ही पळणार. ते पण पळायचे. ती दमली की थांबून धरायचे. डबीला तोंड दिसत नाय कुणाचं. सुलभा पळाली, आम्ही तिच्या मागे पळालो, आणि डबी आपली सावकाश मागून येतेय, बाजार करून आल्यासारखी. आमचा गजर संपला. आम्ही "जय" पण म्हटलं. डबीचं चालूच. वच्छी तिला म्हणाली, "पुरे की मेल्या, देव कधीच झोपला."

गडग्यावरून आवाज आला, "वैनी, तुमचा पावणा कुणाचं ऐकत नाय वाटतं."

मी म्हटलं, "नाय ना. तुमच्याच वळणावर गेलाय."

भावोजी मग वारा खायचं सोडून घरात गेले.

सुलभा त्या दिवशी टेकून बसली. हळूच मला म्हणाली, "शेवंताक्का, देवळात हसं होणार गो आपलं."

"मग जा की, बोलव त्यांना."

"मी नाय जाणार."

"बरं," म्हटलं. "मी जाते. बोलवायला नाय. सहज."

*

त्या डबीला एक कान पण आहे, बारीक भोक. संदेशने सांगितलेलं, एक बटण दाबून धरलंत की समोरचा आवाज ती पोटात ठेवते. बाकीच्या विसरल्या. मी कशी विसरेन?

पिशवीत डबी, वर दोन तवशी, म्हंजे मोठ्या काकड्या, आणि गेले वच्छीकडे. भावोजी ओटीवर सुंभ वळत होते. मी डबी काढून दोन नंबर लावला. "बटण रुततंय, वाईच बघता काय?"

बटण बघायचं राहिलं बाजूला. "हा ठेका? हे तर बालदीत पाणी गळतंय."

"मग तुमचा कसा असायचा? मी विसरले बघा. वय झालं."

भावोजींनी खुंटीवरच्या ढोलकीकडे बघितलं. मग दुसरीकडे बघितलं. शब्द दिलेला ना. हात लावणार नाय म्हंजे नाय. पण समोर तांदळाचा रिकामा डबा होता, आणि डब्याबद्दल ते काय बोललेले नव्हते. डबा पालथा केला, मांडीशी घेतला. मी पदराखाली बटण दाबून धरलं.

"अं हं," आणि वाजवला. काय सांगू, डब्यात ढोलकी शिरली.

"असा," म्हणाले, आणि डबा बाजूला ठेवला.

मी तवशी दिली नि घरी आले. सगळा ठेका पहिल्या दिव्यावर बसवला, म्हंजे फिरून फिरून तोच वाजणार. आता सेव्ह कुठे करू? बाकी नंबरांवर बायका बसलेल्या. रिकामी जागा एकच होती.

दुसऱ्या दिवशी परत गेले. "भावोजी, संदेशने लोट्यावरून नवीन ठेका पाठवलाय. ऐका."

एक नंबर दाबला. भावोजी डोळे मिटून ऐकत होते. चुलीकडे वच्छी भाकरी थापत होती, तिचा हात तिथेच थांबला. त्या "अं हं"ला ती लग्नापासून उठते आणि झोपते.

भावोजींनी डोळे उघडले. "कोण हा?"

"असेल कोणतरी. कसा आहे?"

"हात बरा हाय. शेवटाला घाई करतो. शिकेल." मग अजून थोडं ऐकलं. "पण खोकतो कशाला मेला प्रत्येक वेळी? कोण ऐकून घेणार ह्याचं?"

वच्छी पदर तोंडात कोंबून परसात गेली ती भाकरी करपेपर्यंत आलीच नाय.

*

नवरात्रात देवळात दुपारची आमची पाळी. मी डबी तोवर पिशवीतून बाहेर काढलीच नाय. मंडप भरलेला. बाजूच्या वाडीचं मंडळ आमच्या आधी झालेलं, त्यांच्याकडे दोन ढोलकीवाले, दोघेही तरणे. निर्मलाने डबीची वायर मोठ्या स्पीकरला जोडली. समईच्या डाव्या बाजूला गोणपाटाची घडी अंथरलेली, वर कोणी नाय. सुलभाने ती घडी दोनदा बघितली आणि दोनदा नजर फिरवली.

भावोजी आले होते. म्हणे प्रसादाला. पार मागे खांबाला टेकून बसलेले. वच्छी माझ्या बाजूला, तिच्या पाठीशी टेकायला एक गवसणी. मी विचारलं, "हे काय गो?" तर म्हणाली, "कंबर दुखते."

सुलभाने एक नंबर दाबला. आम्ही डोळे मिटले, हात जोडले.

स्पीकरमधून अख्ख्या देवळात आवाज घुमला, "अं हं."

आणि डबा सुरू.

सुलभाने डोळे उघडले. बंद करायला गेली तर बटण रुतलेलं. फिरून "अं हं." आता पहिल्या रांगेतली बायामाणसं मागे वळली. मग दुसरी रांग. मग पुरुष. सगळं गाव वळून खांबाकडे बघायला लागलं. लोकं बघतायत कुणाकडे म्हणून भावोजी पण मागे वळून बघायला लागले. मागे खांबच.

सुलभाला काय सुचेना, तिने आहे त्यावर गजर धरला. आणि चढला की. ती पळाली, आम्ही पळालो, डबी आपली "अं हं" करत मागे. निर्मलाची झांज एकीकडे, माझी टाळी दुसरीकडे. बाजूच्या वाडीचे दोघे तोंडावर हात धरून बसलेले.

मागून भावोजी ओरडले, "अरे धर त्यांना, धर. त्या पुढे गेल्या, तू काय करतोस?"

डबी काय धरणार?

मग भावोजी उठले. माणसं ओलांडत, कुणाच्या मांडीवर पाय देत पुढे आले. वच्छीने पाठीमागची गवसणी काढून त्यांच्या हातात दिली. दोरी आधीच सोडलेली होती. ते घडीवर बसले, सुलभाच्या तोंडाकडे बघितलं, आणि एका फेरीत सगळ्यांना गोळा करून आणलं. निर्मलाला, मला, सुलभाला. शेवटी डबीच्या उरावर अशी थाप दिली की डबी कुठे संपली आणि ढोलकी कुठे सुरू झाली ते कळेना. मी वायर काढली ते पण कुणाला कळलं नाय.

गजर संपला. सुलभाच्या कपाळाला घाम. ती भावोजींकडे न बघता समईची वात सारत म्हणाली, "हात काय थकलेला दिसत नाय."

"माझा नाय," भावोजी म्हणाले, आणि डबीकडे बोट केलं. "त्याचा थकलाय. वैनी, त्याला घरी न्या. आणि खोकल्याला वाईच आल्याचा रस द्या."

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. सरळ तोंड, मिशी पण हलली नाय.

मग गोणपाटावर नीट मांडी घातली, ढोलकी जवळ ओढली, म्हणाले, "अं हं," आणि पुढचा गजर धरला.