अर्धा मंकी टॉप

रविवारी सकाळी आमच्या गल्लीत जुनी घरं बघणारी मंडळी येतात. डोक्यावर टोप्या, हातात पाण्याच्या बाटल्या, गळ्यात कॅमेरे. बंगळूरच्या बसवनगुडीतली उरलीसुरली जुनी घरं दाखवणारा एक तरुण त्यांच्या पुढे असतो. तो माझ्या धाकट्या जावेच्या दारासमोर थांबतो आणि देवळात उभा राहिल्यासारखा आवाज खाली आणून बोलायला लागतो. इंग्रजांच्या काळातली जोडघरं, मधे एकच भिंत, चुन्याचा गिलावा, उभ्या गजांच्या खिडक्या आणि दारावर लाकडी जाळीचा, वर निमुळता होत गेलेला मंकी टॉप. माकडं आत शिरू नयेत म्हणून ही जाळी बसवायचे, असं तो सांगतो, आणि सगळे हसतात. मग कुणीतरी विचारतं, हे शेजारचं कुणाचं? तो म्हणतो, ते तेवढं फोटोतून वगळा.

ते शेजारचं म्हणजे आमचं. मी वर गॅलरीत झाडांना पाणी घालत उभी असते आणि दर रविवारी हे ऐकते.

आजेसासऱ्यांनी घेतलेल्या या जोडघराचे दोन भाग दोन भावांकडे आले. रस्त्यावरून बघताना डावीकडचं दिरांचं, उजवीकडचं आमचं. लेक शाळेत जायला लागली त्या सुमारास मी आमचं घर मोठ्या हौसेनं नवं करून घेतलं. आमच्या बाजूच्या मंकी टॉपला वाळवी लागली होती, तो उतरवून तिथे सिमेंटचा सज्जा काढला. लाकडी खिडक्यांच्या जागी अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवल्या, आणि पुढची भिंत वरपासून खालपर्यंत गुलाबी केली. सगळी गल्ली बघायला आली होती. जाऊही आली, कॉफी प्याली, "छान झालंय की अक्का," म्हणाली, आणि परत जाऊन तिनं स्वतःच्या घराला बोटसुद्धा लावलं नाही. तिला कसली म्हणून हौस नाही. गिलावा पडला, पडू दे. खिडकी कुरकुरते, कुरकुरू दे. तिच्या त्या आळसाला आता लोक वारसा म्हणतात.

मला तिचा हेवा वाटतो. आजचा नाही, ती लग्न होऊन आली तेव्हापासूनचा आहे. मी पहाटे उठून पुरणपोळ्या लाटायच्या आणि सासूबाईंनी कौतुक करायचं ते तिच्या साध्या लिंबूभाताचं, चित्रान्नाचं. मी रांगेत उभं राहून गॅस मिळवायचा आणि तिच्या दारात गाडीवाला आपण होऊन सिलिंडर ठेवून जायचा. तिनं काही केलं असतं तर मला भांडता आलं असतं. ती काहीच करत नाही, तिचं सगळं आपोआप होतं. आमचे हे म्हणतात, तू उगाच जळतेस. उगाच नाही, चांगलं कारण असतं दर वेळी.

तर लेकीचं सांगायचं होतं. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला ऑफिसजवळ मैत्रिणींबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायची. त्यातल्या एकीचं लग्न ठरलं आणि फ्लॅट सोडायची वेळ आली. त्याच सुमारास तिचं निम्मं काम घरूनच व्हायला लागलं होतं. मी फोनवर सहज विचारल्यासारखं विचारलं, "मग इकडेच ये की राहायला."

ती म्हणाली, "आई, मला दिवसभर कॉल्स असतात. वर मागच्या बाजूला माझी स्वतःची रूम करून देणार असशील तर येते. नाहीतर आम्ही दुसरा फ्लॅट बघतोय."

एवढंच ती बोलली. हा दुसरा फ्लॅट बघितला गेला की मुलगी गेली, हे मला स्वच्छ दिसत होतं. वरच्या गच्चीवर, मागच्या बाजूला, एक खोली. मला जगाकडून तेवढंच हवं होतं.

आमची गल्ली आता जपायच्या यादीत आहे, त्यामुळे खिळा ठोकायचा तरी वारसा समितीची परवानगी लागते. समितीच्या बाई आल्या. कॉटनची साडी, पायात स्पोर्ट्सचे बूट, बोलणं अगदी गोड. मागे खोली बांधा, रस्त्यावरून दिसली नाही म्हणजे झालं, असं त्या म्हणाल्या. पण आधी पुढची बाजू मूळची होती तशी करा. दोन्ही घरांचा दर्शनी भाग आमच्या लेखी एकच आहे, तेव्हा शेजारच्यांचीही संमती लागेल.

"मूळची म्हणजे कशी?" मी विचारलं.

बाईंनी हातातलं पेन जावेच्या घराकडे रोखलं.

जावेकडे संमती मागायचं मी उद्यावर ढकललं, आणि कामाला सुरुवात झाली. आधी सिमेंटचा गिलावा खरवडून काढला. मी निवडलेला तो गुलाबी रंग कित्येक दिवस कुंड्यांवर, दोरीवरच्या कपड्यांवर, ह्यांच्या चष्म्यावर धुळीसारखा बसत होता. मग चुना आला. त्यात गुळाचं पाणी आणि हिरड्याचा काढा घालतात, आणि तो मुरेपर्यंत कुणाला घाई करता येत नाही. मी घाई करायची आणि गवंडी म्हणायचा, "स्वल्प ताळी, अम्मा." जरा दम धरा. दम कुठून धरायचा? लेक तिकडे फ्लॅट बघत फिरत होती. जाऊ सकाळी दारात रांगोळी घालताना वर बघायची आणि म्हणायची, "काही लागलं तर सांग हं अक्का." मी म्हणायचे, काही लागत नाही.

लागत होतं. मंकी टॉपचं माप लागत होतं. नमुना तिच्या दारावर होता. तिला सांगून शिडी लावली असती तर अर्ध्या तासाचं काम होतं. पण तिच्या दारात जाऊन, तुझ्यासारखं मला करून घ्यायचंय, हे मी कोणत्या तोंडानं सांगणार होते? ती दुपारी देवळात गेलेली असताना मी रस्त्यावर उभी राहून फोनवर फोटो काढले. जाळी, खालची झालर, चढती कड, सगळं एकेक करून टिपलं. आमचं घर तेव्हा सोलून ठेवल्यासारखं दिसत होतं, म्हणून ते एकाही फोटोत येणार नाही याची मी नीट काळजी घेतली. रुंदी मी रांगोळी बघायच्या निमित्तानं तिच्या दारासमोरून चालत पावलांनी मोजली. हे फोटो आनेकलच्या एका सुतारकामाच्या वर्कशॉपमध्ये पाठवले आणि फोनवर बजावलं, तंतोतंत असाच पाहिजे, इकडची रेघ तिकडे झालेली चालणार नाही.

त्यांनी तंतोतंत तसाच केला.

तो आला त्या दिवशी मी सकाळपासून केसात फुलं माळून तयार होते. सागवानी लाकूड, सुरेख जाळी. जावेच्या काळवंडलेल्या जाळीपेक्षा किती तरी उठून दिसत होता. माणसांनी दोर बांधून तो वर चढवला. मी मुद्दाम रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिले, कारण दोन्ही शेजारी शेजारी कसे दिसतात ते मला डोळे भरून बघायचं होतं.

आणि तेव्हा मला कळलं. जावेचा मंकी टॉप हा मुळी आख्खा नव्हताच. डावीकडे खाली सुरू होऊन मधल्या भिंतीशी उंच जाणारा तो अर्धा भाग होता. दुसरा अर्धा आमच्या बाजूला, त्या भिंतीपासून उतरत यायला हवा होता, म्हणजे दोन्ही मिळून एक शिखर झालं असतं. आमचा मी काढून टाकला त्याला इतकी वर्षं झाली होती, की उरलेला अर्धा हाच पुरा असं माझे डोळे धरून चालले होते. आता तिचा मधल्या भिंतीशी उंच जात होता, आणि आमचा तिथेच खाली येऊन पुन्हा वर चढत होता. करवतीचे दोन दात दिसावेत तसं. फिरवून लावावा म्हटलं तर नक्षी आतल्या अंगाला जात होती.

हे गेटपाशी आले, वर बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि म्हणाले, "हा तिच्या घराचा झाला की गं."

दोर धरलेली माणसं हसत होती. मला रडू येत होतं आणि राग येत होता, आणि तो सगळा राग जावेवर होता. ती बाहेर आली. हसेल तर मी तिच्याशी जन्मात बोलणार नाही, असं मी ठरवून टाकलं. ती हसली नाही. पदराला हात पुसत वर बघत राहिली आणि म्हणाली, "अक्का, माझा खालून पार पोखरलाय. बदला म्हणून समिती किती दिवस मागे लागलीय माझ्या. हा माझ्या बाजूला लावूया की. तुझा दुसरा करून घे. दोन्ही नवे, जोडी जमेल."

"आणि ती संमती?" मी विचारलं.

"ती कधीच दिली मी. त्या बाई आल्या होत्या ना, त्याच दिवशी."

बघा. मी रात्रंदिवस जिच्याकडे संमती कशी मागायची म्हणून तळमळत होते, तिनं ती रांगोळी घालता घालता देऊन टाकली होती. नवा मंकी टॉप तिच्या दारावर चढला आणि बेतून आणल्यासारखा बसला. माझी चूकसुद्धा तिच्या घराला शोभली. आमचा दुसरा येईपर्यंत रविवारची मंडळी तिच्या नव्या नक्षीचे फोटो काढत होती.

पण परवानगी मिळाली. समितीच्या बाईंनी दोन्ही उतार एका शिखराला मिळालेले बघून टाळ्या वाजवल्या. मागची खोली उभी राहिली. मी तिला मोठी खिडकी केली, टेबल केलं, जयनगरच्या दुकानातून पडदे आणले, इंटरनेटच्या माणसाला तीन वेळा बोलावलं. लेकीनं फ्लॅट बघणं थांबवलं. एका शनिवारी ती खोकी घेऊन आली.

रस्त्यात उभी राहून तिनं आधी वर बघितलं. "अय्यो आई, काय मस्त दिसतंय! एकच घर वाटतंय!" मग खोली बघितली, खिडकी उघडून बघितली, मला मिठी मारली. मी म्हटलं, हात धू, पानं घेते. ती म्हणाली, "काकूला हाक मारून आलेच."

मी आमटी गरम केली. पुन्हा गरम केली. हे जेवून उठले. शेवटी मीच बोलवायला गेले.

जावेच्या मधल्या खोलीत जुनी लाल फरशी आहे, इतक्या वर्षांच्या पायांनी गुळगुळीत झालेली. आमच्याकडेही होती. तिच्यावर मी पांढऱ्या टाइल्स बसवून घेतल्या, आणि आतलं समिती बघत नाही म्हणून त्या तशाच राहिल्या. त्या लाल फरशीवर माझी मुलगी पालथी झोपली होती. उशी नाही, चटई नाही, गाल फरशीला टेकलेला. इतकी गाढ की मी आल्याचं तिला कळलं नाही. जाऊ तिच्या डोक्याशी बसून शेंगा सोलत होती, टरफलांचा आवाज होऊ नये म्हणून पदरात.

मी तोंड उघडलं तशी तिनं ओठांवर बोट ठेवलं. मग अगदी हळू, माझी समजूत काढावी तसं म्हणाली, "असू दे अक्का. उठली की पाठवते."

पाठवते म्हणाली. माझ्या मुलीला, माझ्याकडे.

मी "सरी" म्हटलं, म्हणजे बरं, आणि घरी येऊन दोन पानं झाकून ठेवली.