पायलटची डावी बाजू

डेपोच्या कॅन्टीनवर एक खोली होती, तिथं संध्याकाळी चिनी भाषेचा वर्ग भरायचा. खालून करपलेल्या तेलाचा वास यायचा, वर फळ्यावर खिडक्या-दारांसारखी दिसणारी अक्षरं, आणि समोर शाळेच्या बाकात गुडघे मावत नाहीत म्हणून तिरके बसलेले ड्रायव्हर नि मेकॅनिक. विजेवर चालणाऱ्या नव्या बसगाड्या चीनहून यायच्या होत्या. त्यांच्याबरोबर तिकडचा एक इंजिनियर येणार होता आणि त्याचं बोलणं ज्याला कळेल असा एक माणूस डेपोला हवा होता. परीक्षेत जो पहिला येईल त्याला ट्रेनिंग हॉलची नोकरी. बसायला खुर्ची, डोक्यावर पंखा, आणि स्टिअरिंगला कायमचा रामराम.

त्या संध्याकाळी शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर नवा शब्द काढला. खाली आपल्या लिपीत लिहिलं, 'त्साओवान'.

“जे होणार ते होणारच, असं सांगायचं असलं की हा शब्द घालायचा,” बाई म्हणाल्या. “लवकर होईल, उशिरा होईल, पण टळायचं नाही. फक्त कधी, ते माहीत नाही.”

“म्हणजे रिटायरमेंट!” मागून एक मेकॅनिक ओरडला.

“म्हणजे माझी सासू,” दुसरा म्हणाला. “महिनाअखेरीला येतेच येते.”

बाई हसल्या नाहीत. त्यांची एक शिस्त होती. वाक्य करायचं ते आपल्याच आयुष्यातलं, आणि खरं. खोटं वाक्य डोक्यात राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. एकेकानं उठून वाक्य केलं. कुणाचा टायर फुटणार होता, कुणाचं पोर नापास होणार होतं. मग बाईंनी पायलटकडं बोट केलं.

तो विमान चालवत नव्हता, बसच चालवायचा. पण तरुणपणी गाडी अशी हाणायचा की डेपोनं त्याचं नावच पायलट पाडलं. पुढं बायकोची बहीणसुद्धा त्याला पायलटभाऊजी म्हणायला लागली. वर्गात तो सगळ्यांत हुशार. पण आज उठायला त्यानं वेळ लावला. खरं वाक्य त्याच्या जिभेवर तयार होतं. शब्द सगळे येत होते, हीच पंचाईत होती.

“बस...” तो चिनीत अडखळत म्हणाला, “बस त्साओवान येणार.”

“तुझी सोडून!” मेकॅनिक म्हणाला, आणि खोलीभर हशा पिकला. हल्ली पायलट फार सावकाश चालवायचा. त्याच्या बसमध्ये लहान मूल बसवलं तर उतरताना त्याला मिसरूड फुटलेलं असतं, असं कॅन्टीनमध्ये बोललं जायचं. तोही सगळ्यांबरोबर हसला आणि खाली बसला. बसताना डावीकडच्या बाकाची कड गुडघ्याला लागली. ती त्याला दिसलीच नव्हती.

त्याच्या डोळ्यांचे पडदे कडेनं विझत चालले होते. डावा पुढं गेलेला, उजवा त्याच्या मागं. तीन गल्ल्या पलीकडं, जिथं डेपोतलं कुणी जात नाही अशा दवाखान्यात, तो चोरून तपासून आला होता. डॉक्टरनं डोळ्यांत बत्ती मारून पाहिलं, बराच वेळ कागदावर काहीतरी खरडलं आणि मग सांगितलं, “समोरचं अजून बरेच दिवस दिसेल. पण कडेचं जात राहणार. यावर औषध नाही. तुम्ही काम काय करता?”

“दुकान आहे,” पायलट म्हणाला होता.

डेपोच्या वार्षिक तपासणीत तो कधी सापडला नाही, कारण तिथं समोरचा तक्ता वाचायला लावायचे. शेवटच्या ओळीतली मुंगीएवढी अक्षरंही तो घडाघडा म्हणून दाखवायचा. कडेचं कुणी विचारतच नसे.

रस्त्यावर मात्र कडेचंच सगळं असतं. फुटपाथवरनं उतरणारं पाऊल, गाड्यांच्या फटीतनं निघणारी सायकल. एकदा एका वळणावर कडेचा कचऱ्याचा डबा बसनं उडवला. कंडक्टर मागून धावत पुढं आला. त्यानं डब्याकडं पाहिलं, पायलटकडं पाहिलं, आणि प्रवाशांना ऐकू जाईल असं म्हणाला, “डबाच मधे आला!”

त्या दिवसापासून कंडक्टरनं मागची जागा सोडली. तिकिटं फाडून झाली की पुढच्या दाराशी, डाव्या पायरीवर येऊन उभा राहायचा आणि तोंडाचा पट्टा सुरू करायचा. “आज सायकलवाल्यांचं संमेलन आहे वाटतं, दोघं चिकटून चाललेत... आजीबाई, रस्त्यात कुठं उतरता?... घे आता, मोकळं आहे, घे.” प्रवाशांना वाटे, माणूस बडबड्या आहे. पायलट त्या बडबडीवर गाडी चालवायचा. दोघांनी यावर कधी अवाक्षर काढलं नाही. चहाला बसले तरी गप्पा क्रिकेटच्या आणि साहेबाच्या टकलाच्या.

पायलटचा हिशोब साधा होता. परीक्षेत पहिलं यायचं, हॉलमध्ये जाऊन बसायचं, मग डोळे गेले काय नि राहिले काय. तोवर कुणाच्या अंगावर चाक जाऊ नये, एवढंच. शेवटची फेरी संपली की तो कितीतरी वेळ सीटवर बसून राहायचा, आणि लोकांना वाटे हा प्रामाणिक माणूस गाडी नीट बंद झाली की नाही ते बघतोय.

घरी अभ्यास बायको घ्यायची. ती लोकांच्या पँटी आखूड करून द्यायची, बायकांचे ब्लाउज उसवून सैल करून द्यायची. मशीनवर पाय आणि मांडीवर त्याचं पुस्तक.

“डोळे?”

“यान्चिंग.”

“कान?”

“अर्-तुओ.”

“ऐकू येत नाही?”

“थिंग पू च्येन.”

“आणि दिसत नाही?”

“...खान पू च्येन.”

“यात अडखळायचं काय? सोपं तर आहे. ऐकायचं थिंग, बघायचं खान, बाकी सारखंच.” ती त्याच्यापेक्षा लवकर शिकत होती आणि हे तिला स्वतःला ठाऊक नव्हतं. सकाळी त्याला उठवताना “क्वाय, क्वाय!” म्हणायची, म्हणजे लवकर. तो दाराच्या चौकटीला खांदा आपटून आत आला की म्हणायची, “चिनी शिकायला लागलात आणि स्वतःच्या घराचं दार विसरलात.” तो हसण्यावारी न्यायचा. एकदा मात्र चहाचा कप त्याच्या डाव्या हाताशी ठेवून ती नुसती बघत राहिली. त्यानं टेबलावर उजवीकडं चाचपलं. तिनं कप उचलून उजवीकडं ठेवला आणि मशीनवर जाऊन बसली.

नव्या बसगाड्या ठरल्याच्या आधीच आल्या. परीक्षा मात्र जिथल्या तिथं राहिली, कारण ती इंजिनियरच घेणार होता आणि त्याची कागदपत्रं कुठंतरी अडकली होती. कंडक्टरनं पायलटला गॅरेजच्या मागं, जुन्या टायरांच्या ढिगाशी गाठलं.

“मला तिकीट तपासणीला टाकलंय,” तो म्हणाला. “नव्या गाडीत कंडक्टर नाही. दार तुझ्या हातात, तिकीट मशीनच्या.”

“कधीपासून?”

“उद्यापासून. पहिली गाडी तुलाच लावलीय. सगळ्यांत सांभाळून चालवणारा म्हणून.” तो हसायला गेला, पण हसू तोंडातच राहिलं.

कंडक्टरनं इकडंतिकडं पाहिलं. “रजा टाक ना. कंबर धरली म्हण.”

“रजेला मेडिकल लागतं. ते नखशिखांत तपासतात.”

“मग परीक्षेपर्यंत ढकल कसंतरी. आरसे मोठे आहेत म्हणे. पडदा आहे एक, त्यात मागचं-पुढचं सगळं दिसतं.” थोडं थांबून तो म्हणाला, “मालक, मी तरी किती दिवस पुरणार होतो?”

इतक्या दिवसांत त्या विषयावर दोघं बोलले ते एवढंच.

नवी गाडी आवाजच करेना. जुन्या इंजिनाची घरघर पायलटच्या अंगात मुरलेली, तिच्या चढउतारावर त्याला वेग कळायचा. ही नुसती घसरत होती, फरशीवरून सरकवलेल्या ताटासारखी. आरसे मोठे होते खरे, पण डावा आरसा पाहायला मान पार वळवावी लागे, आणि मान वळवली की समोरचं सुटे. पडदा पाहावा तर रस्ता सुटे. दार उघडलं की एक बाई गोड आवाजात चिनीत काहीतरी सांगायची. त्याला ते समजायचं, आणि मागचे प्रवासी कौतुकानं म्हणायचे, “काय म्हणाली हो ड्रायव्हर?” डाव्या पायरीवर कुणी नव्हतं. तिथून येणारी शांतता त्याच्या कानात वाजत होती.

शाळेच्या थांब्यावर त्यानं दार लावलं, मान वळवून आरसा पाहिला, समोर पाहिलं आणि गाडी वळणाला घातली. बाहेरून डाव्या पत्र्यावर धाडधाड मुठी बसल्या. त्यानं ब्रेकवर पाय दाबला. मागं कुणाचं तरी डोकं दांड्याला आपटलं, कुणीतरी शिवी दिली. बसच्या नाकासमोर, अगदी टेकून, डावीकडून एक बाई आली. तिच्या हातात एका लहान मुलीचा हात होता. दोघी कुठून आल्या ते त्याला कळलं नाही. त्या नव्हत्याच, आणि एकदम होत्या.

“आंधळा आहेस का रे?” बाई काचेतून ओरडली. “पोरगी आत्ता खाली गेली असती!”

“चुकलं ताई,” तो म्हणाला. बंद काचेतून ते तिला ऐकू गेलं नसणार. ती मुलीला ओढत पलीकडं निघून गेली. मुलगी मात्र वळून नव्या बसकडं कौतुकानं बघत राहिली.

काहीच झालं नव्हतं. प्रवासी पुन्हा आपापल्या फोनमध्ये गेले. उरलेली फेरी त्यानं माणूस चालतो त्या वेगानं पुरी केली, मागं हॉर्नवर हॉर्न वाजत होते तरी.

संध्याकाळी बायकोनं जेवणाआधीच पुस्तक उघडलं. “आजचा धडा राहिलाय. हा कोणता शब्द? त्साओवान. यावर वाक्य लिहिलेलं नाही तुमचं. बाई म्हणाल्या असतील ना, खरंच हवं म्हणून?”

तो भिंतीला टेकून बसला होता. दिवसभर दाबून धरलेलं अजून आतच होतं. आपल्या भाषेत ते बाहेर पडलं नसतं. पण या परक्या शब्दांना इथं कोण ओळखतंय, असं त्याला वाटलं. तो हळूच म्हणाला, “वो त यान्चिंग त्साओवान ह्वै खान पू च्येन.”

मशीनचं चाक थांबलं.

“परत म्हणा,” ती म्हणाली.

तो पुस्तक घ्यायला पुढं झाला.

“यान्चिंग म्हणजे डोळे,” तिनं एक बोट दुमडलं. “वो त म्हणजे माझे. आणि खान पू च्येन... ते तर मीच पाठ करून घेतलं तुमच्याकडून.” तिचा आवाज चढला नाही. उलट इतका उतरला की त्याला मान पुढं करावी लागली. “कपाच्या दिवसापासून माझ्या मनात पाल चुकचुकत होती. म्हटलं वय झालं, चष्मा लागला असेल. हे केव्हापासून?”

त्यानं सांगितलं. दवाखाना, कंडक्टर, शाळेचा थांबा, त्या मुलीपर्यंत सगळं. ती ऐकत होती आणि हातातल्या पँटीची शिवण नखानं उसवत होती. चांगली घातलेली शिवण.

“हॉल मिळाला की सांगणारच होतो,” तो म्हणाला. “थोडेच दिवस राहिलेत. वर्गात मीच पुढं आहे.”

“आणि तोवर ज्यांच्या अंगावर गाडी जाईल त्यांनी काय करायचं? तुमच्या परीक्षेपर्यंत कळ काढायची?”

“अगं, आत्ता सांगितलं तर घरी बसवतील. लायसन काढून घेतील, हॉलसुद्धा देणार नाहीत. लपवलं म्हणून वरनं चौकशी लावतील. कशावर चालवायचं घर?”

“मला काय माहीत?” ती म्हणाली. “या मशीनवर चालेल असं मी म्हणत नाही. नाही चालणार. पण उद्या त्या बाईच्या दारात जाऊन मी काय सांगू? आमच्या ह्यांची परीक्षा होती?” मग पँट बाजूला टाकून ती एकदम त्याच्यावर ओरडली, “आणि मला का नाही सांगितलं? मी काय डेपोची साहेब आहे?”

ती उठून त्याच्याजवळ येऊन बसली, आधी डावीकडं. मग तिच्या लक्षात आलं आणि ती उजवीकडं येऊन बसली. जेवणाची वेळ टळून गेली तरी दोघांतलं कुणी उठलं नाही.

सकाळी ती म्हणाली, “मी येऊ बरोबर?”

“नको. मी काय शाळेत नाव घालायला चाललोय?” तो म्हणाला. पण निघताना दोनदा पाणी प्यायला, आणि चप्पल घालायला नेहमीपेक्षा फार वेळ लावला.

डेपोत गाड्यांच्या किल्ल्या वाटणाऱ्या टाइमकीपरच्या खिडकीशी रांग होती. पायलटच्या मागं तोच मेकॅनिक उभा होता, आज इंजिनियर विमानतळावर उतरला म्हणे, अशी बातमी सांगत. परीक्षा बहुतेक याच आठवड्यात. पायलटच्या मनानं उचल खाल्ली. चार-सहा दिवस. शाळेचा थांबा टाळता येईल. दुसरा मार्ग मागता येईल. रांग पुढं सरकत होती.

“ये पायलट, उशीर केलास,” टाइमकीपर म्हणाला आणि नव्या गाडीची किल्ली खिडकीतून पुढं सरकवली.

पायलटनं ती उचलली नाही. “मला डावीकडचं दिसत नाही,” तो म्हणाला.

“आरसा हलला असेल. त्या मेकॅनिकला सांग, जाता जाता बसवून देईल.”

“आरसा चांगला आहे,” पायलट म्हणाला. त्याचा आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला. “मलाच दिसत नाही. ही गाडी दुसऱ्या कुणाला द्या. आणि मला मेडिकलची चिठ्ठी द्या.”

मागं मेकॅनिकचं बोलणं अर्ध्यावर तुटलं. टाइमकीपरनं मान वर केली, पायलटच्या तोंडाकडं पाहिलं आणि किल्ली हळूच परत आत ओढून घेतली. मग त्यानं रांगेला हातानं थांबायची खूण केली, खिडकीशेजारचं दार उघडलं आणि म्हणाला, “आत ये. बस. केव्हापासून?”

पायलट दाराची चौकट चाचपत आत गेला आणि सांगायला लागला.