अक्का हसली नाही ती गोष्ट

एस्तेरचा फोन आला तेव्हा मी व्हाइटफील्डला, मुलाच्या फ्लॅटमध्ये, वॉशिंग मशीनच्या मेकॅनिकशी हुज्जत घालत होतो. "बाळूकाका, अक्का उठत नाहीत," ती म्हणाली. मी म्हणालो, "मग झोपू दे की तिला. दुपारी करतो फोन." ती हळूच म्हणाली, "काका, स्वल्प, थोडं ऐका. अक्का उठणार नाहीत." चुकीच्या वेळी चुकीचं वाक्य बोलण्यात माझी आयुष्यभराची ख्याती आहे, पण मावसबहिणीच्या मरणाला "झोपू दे तिला" असं उत्तर देऊन मी स्वतःलाही मागं टाकलं.

सहा आठवडे झाले त्याला. यमुनाअक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. सीमाभागातल्या आमच्या गावाहून लग्न होऊन ती याच शहरात, चामराजपेटला आली, शाळेत शिकवलं, नवरा गेला, निवृत्त झाली. आणि आता ही तीर्थयात्रेला निघेल असं सगळे धरून चालले असताना तिनं बौद्ध तत्त्वज्ञान वाचायला घेतलं. हातात पेन्सिल, शेजारी उघडा शब्दकोश, दिवसाला एक पान. विहारातल्या भिक्खूंनाही प्रश्न विचारून दमवायची. मी चिडवायचो, "तुझ्या बुद्धाच्या मते 'मी' असा कुणी नाहीच, मग चहा कुणासाठी टाकतेस?" "तू नाहीसच ना? मग साखर वाचली," म्हणत ती खरंच बिनसाखरेचा चहा पुढं करायची.

चार वर्षांपूर्वी तिनं वरची खोली एस्तेरला दिली. ही झांबियाहून नर्सिंग शिकायला आलेली मुलगी. भाषा अक्काकडूनच उचललेली, त्यामुळे तिच्या मराठीतही आमच्यासारखं कन्नड मिसळलेलं. पहिल्यांदा तिनंच मला दार उघडलं. डोक्यावरून खांद्यापर्यंत केसांचे बारीक बारीक पीळ... आमच्या भागात मुलीच्या केसांत गुंता होऊन जट धरली, तर ती देवीनं धाडली असं मानायचे. तिला फणी लावायची नाही, कात्री लावायची नाही. हळदकुंकू वाहायचं आणि मुलगी देवीला सोडायची. मी बँकेत छत्तीस वर्षं नोकरी केली, पेन्शन घेतो, रोज पेपर वाचतो. पण ते पीळ दिसले आणि माझे हात आपोआप जोडले गेले. नुसते जोडले नाहीत, मी वाकलो. इथं असाच नमस्कार करतात असं समजून तीही वाकली, आणि आमची डोकी खाडकन आपटली.

अशी गोष्ट हाती लागल्यावर मी कसला गप्प बसतो! लग्नात, बारशात, एका तेराव्यालासुद्धा मी ती सांगितली. दरवेळी वाकून दाखवायचो, आपटल्याचा आवाज तोंडानं काढायचो. लोक डोळे पुसेपर्यंत हसायचे. अक्का तेवढी हसायची नाही, उठून आत जायची. मला वाटायचं, म्हातारी झाली, विनोद कळेनासा झाला.

त्या दोघींचं मात्र छान जमलं होतं. सुटीच्या दिवशी गॅलरीत बसून एस्तेर केस सोडायची, अक्का मदत करायची आणि शिक्षिकेच्या सवयीनं विचारत राहायची: हे तेल कसलं, ही वीण कुणी शिकवली, आजी कशी घालायची? उत्तरं कमी पडली की एस्तेर पुस्तकं आणून द्यायची. त्यातून अक्कानं एक व्याख्यान लिहिलं आणि आमच्या मराठी मंडळात ते ठरलं. विषय: काळ्या स्त्रियांचे केस आणि बुद्धाचा विचार. मंडळात दिवाळी फराळाच्या वर कुठला विषय कधी गेला नव्हता. प्रास्ताविक माझ्याकडे होतं. अक्का आणि एस्तेर पहिल्या रांगेत. मी काय केलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. वाकून दाखवलं. आवाजही काढला. सभागृह हसून लोटपोट.

मग अक्का उठली. चष्मा पुसला. तिनं सांगितलं की आफ्रिकेत अनेक ठिकाणी वेणीवरून बाई कुठल्या कुळातली, लग्न झालेली की नाही, हे कळायचं. गुलाम म्हणून पकडून नेताना आधी डोकी भादरली जायची, कारण केस गेले की माणसाचा पत्ताच गेला. पुढे समुद्रापलीकडच्या मळ्यांवर आठवड्यातला एक रविवार मिळायचा, त्यात मिळेल ती चरबी लावून बायका एकमेकींचा गुंता सोडवायच्या. काही ठिकाणी डोकं झाकायची सक्ती झाली, तर त्यांनी फडकंच असं बांधलं की बघणारा बघत राहावा. मग तापवलेल्या लोखंडी फण्या आल्या, टाळू पोळणारी मलमं आली. आणि अजूनही आहेत तसे केस घेऊन कामावर जायला धाडस लागतं. आपण नवस फेडायला उतरवतो त्या केसांचे टोप शिवून याच बायकांना विकले जातात, हेही तिनं सांगितलं.

"आता बुद्धाकडे या," ती म्हणाली. "दीक्षा घेणाऱ्याचं मुंडन करतात आणि चिंतनाला शरीराचे पाच भाग देतात. त्यातला पहिला केस. हे तू नाहीस, हे तुझं नाही, सोड. मला हे फार पटायचं. मग एस्तेरमुळे प्रश्न पडला, जे कधी आपलं होऊच दिलं नाही ते सोडायचं कसं? भिक्खूंना विचारलं. उत्तर अजून मिळालं नाही." मग माझ्याकडे वळली. "आत्ता आमच्या बाळूनं जटेची गोष्ट सांगितली. नऊ वर्षांची असताना माझ्या डोक्यात जट होती. लोक असेच वाकायचे. मला देवीला सोडायचं ठरलं होतं. मावशीनं, म्हणजे याच्याच आईनं, मला घेऊन खोलीत कोंडून घेतलं आणि अकरा दिवस तेल घालून दाभणानं एकेक केस मोकळा केला. कात्री लावली असती तर गाव म्हणालं असतं, देवीची वस्तू तोडली. सोडवल्यावर तिथं देवी नव्हती, जट नव्हती, माझेच केस होते. शून्य म्हणजे काय ते पुढं पुस्तकात वाचलं, तेव्हा मला नवीन वाटलं नाही."

कुणी हसलं नाही. मी व्यासपीठावर, पाण्याच्या बाटलीचं बूच हातात. ते दाभण माझ्या आईनं चालवलं होतं आणि मला ती गोष्ट माहीतही नव्हती. मला माहीत होती ती फक्त हसवायची गोष्ट.

परतताना रिक्षात मी तोंड उघडलं. "अक्का, मला..." "बाळ्या, समोर बस येतेय, त्या रिक्षावाल्याला सांग," ती म्हणाली. म्हटलं, रविवारी घरी जाऊन नीट बोलू. पण व्हाइटफील्ड ते चामराजपेट म्हणजे मेट्रो, मग रिक्षा, मग मार्केटची गर्दी. जाऊन येईपर्यंत माणूस पिळून निघतो. एका रविवारी गुडघा दुखला, एका रविवारी पाहुणे आले. असे पाच महिने गेले. तिचा एकदा फोन आला, "येणार होतास ना रे?" "येतो गं," म्हणालो.

गेल्या रविवारी गेलो. अक्काची खोली आवरायची होती. एस्तेर गॅलरीत जमिनीवर केस सोडून बसली होती. दुसऱ्या दिवशी वॉर्डात ड्यूटी होती, त्याआधी पीळ पुन्हा घालायचे होते. "काका, मागचं मला दिसत नाही. भांग पाडून देता?" मी माझ्या टकलाकडे बोट दाखवलं. "हात आहेत ना," ती म्हणाली. मी तिच्यामागे खुर्चीत बसलो. तिनं निमुळत्या शेपटीची फणी दिली, कशी धरायची ते दाखवलं. कुणाच्या डोक्याला मी असा हात कधी लावला नव्हता. केस मऊ होते, हे लिहायलाही लाज वाटते की मला आश्चर्य वाटलं.

तोंड दिसत नसल्यामुळे असेल, बोलता आलं. "एस्तेर, ती गोष्ट मी सांगत सुटलो... फार चुकलं माझं. तुझ्या बाबतीत, आणि तिच्याही."

ती म्हणाली, "अक्कांना बोललात हे?"

"नाही."

"त्यांना माहीत होतं. म्हणायच्या, बाळ्याला प्रत्येक गोष्टीत ट्रॅफिक लागतं."

मी हसलो बहुतेक. तिनं फोन मागे धरून फोटो काढला, निरखून बघितला.

"वाकडा आला, काका."

"राहू दे ना आता."

"नाही. मोडा. पुन्हा."

मी मोडला. केस एकत्र केले आणि टाळूपासून मानेपर्यंत, हळूहळू, पुन्हा रेघ ओढायला लागलो.